गाव बदललं की शाळा का सुटते? फिरत्या कुटुंबातल्या मुलांचं रेकॉर्ड कसं चालतं, समजून घ्या

तुम्ही डोंबिवलीहून नाशिकला राहायला गेलात तरी मोबाइल नंबर तोच राहतो. नवीन फोन घेतला तरी लॉग-इन केलं की फोटो आणि कॉन्टॅक्ट्स परत मिळतात. मग दरवर्षी जागा बदलणाऱ्या कुटुंबातल्या मुलाची शाळा त्याच्यासोबत का जात नाही? खरं तर त्यासाठी नंबर आहे, पोर्टल आहे आणि कायदाही आहे. तरी मुलं मधल्या मधे गळतात. नेमकी कुठे, ते आज बघू.

ही मुलं कोण?

आपल्याच ठाणे-कल्याण पट्ट्यात ती दिसतात, फक्त आपलं लक्ष नसतं.

पावसाळा संपला की पारनेर भागातले धनगर मेंढ्या घेऊन माळशेज घाट उतरतात आणि कल्याण, भिवंडी, वाड्याकडे येतात. भात कापून झालेल्या शेतात मेंढ्या बसवायच्या, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे आणि पुढच्या पावसाआधी परत घाट चढायचा. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. आधी घेतलेली उचल फेडायची असते, त्यामुळे मुक्काम थेट पावसाच्या तोंडापर्यंत. तिसरी मुलं सिग्नलवरची. यातली बरीच कुटुंबं मराठवाड्याच्या दुष्काळी भागातून आलेली.

आता कॅलेंडर बघा. शाळा जूनमध्ये सुरू होते आणि धनगर, कातकरी मुलं दिवाळीच्या आसपास निघतात. म्हणजे नाव एका गावाच्या पटावर आणि मूल दुसऱ्याच तालुक्यात.

रेकॉर्ड कसं हलतं?

देशभरातल्या शाळांचा डेटा यूडायस प्लस या पोर्टलवर असतो. तिथे प्रत्येक विद्यार्थ्याला ११ अंकी पर्मनंट एज्युकेशन नंबर मिळतो. त्यालाच सगळे 'पेन नंबर' म्हणतात. शाळा बदलली तरी तो बदलत नाही. प्रोसेस साधारण अशी:

१. जुनी शाळा पोर्टलवर 'मूल शाळा सोडून गेलं' अशी नोंद करते. नाव त्या शाळेच्या यादीतून निघून 'ड्रॉपबॉक्स'मध्ये जातं. (फाइल ठेवायच्या त्या अ‍ॅपशी याचा काही संबंध नाही.)

२. नवीन शाळा पेन नंबर आणि जन्मतारीख टाकून त्या मुलाला शोधते.

३. सापडलं की आपल्या यादीत घेते.

महाराष्ट्राच्या 'सरल' पोर्टलवरही कल्पना अशीच आहे. नवीन शाळा रिक्वेस्ट पाठवते, जुनी ती मंजूर करते.

मग अडतं कुठे?

सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर ही सिस्टीम 'पुल' पद्धतीची आहे. कोणीतरी रेकॉर्ड ओढून घेतलं तरच ते हलतं, आपोआप कुठे पोहोचत नाही. भट्टीवर नवं मूल आलं म्हणून जवळच्या शाळेच्या स्क्रीनवर नोटिफिकेशन वाजत नाही. शाळेला मूल माहीत नाही, आईवडिलांना पेन नंबर माहीत नाही. प्रीपेड सिम बंद पडलेलं, त्यामुळे जुन्या शाळेकडचा फोन नंबरही लागत नाही. रेकॉर्ड ड्रॉपबॉक्समध्ये पडून राहतं.

दुसरी शक्यता जास्त वाईट. 'जूनमध्ये परत येईलच' म्हणून जुनी शाळा नाव तसंच ठेवते. आता कॉम्प्युटर म्हणतो मूल चौथीत शिकतंय आणि ते मूल त्या वेळी भट्टीवर कच्च्या विटा उलटत असतं. सिस्टीमसाठी सगळं ओके असतं, कुठेच एरर येत नाही. आणि जे चुकलंय हेच दिसत नाही, ते दुरुस्त कोण करणार?

हा मधला खड्डा बुजवायचे प्रयत्न झालेत. स्थलांतर करणाऱ्या मुलाला शाळेने 'शिक्षण हमी कार्ड' द्यायचं, ते दाखवून दुसरीकडे बसता येतं. महाराष्ट्राच्या महिला व बालविकास विभागाने मायग्रेशन ट्रॅकिंग सिस्टीम आणली. २०२१ मध्ये पालघर, नंदुरबारसह सहा जिल्ह्यांत तिची चाचणी सुरू झाली. अंगणवाडी सेविका कुटुंब निघाल्याची नोंद करते, म्हणजे पोहोचलेल्या गावात पोषण आहार आणि लसीकरण चालू राहतं. पण दोन्हीकडे सुरुवात माणसापासूनच होते. कार्ड कोणीतरी द्यावं लागतं, एंट्री कोणीतरी करावी लागते.

कागद नसले तर?

हे नीट वाचा, कारण इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी सांगतो:

• शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही.
• वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही.
• वर्ष अर्धं संपलं म्हणून परत पाठवता येत नाही.
• मधली वर्षं बुडाली असली तरी वयाप्रमाणे वर्ग मिळतो आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षणही.

आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे बघायची जबाबदारी कायद्याने स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. आपल्याकडे ते म्हणजे ठाणे किंवा कल्याण-डोंबिवली महापालिका. 'अपार' आयडीचं म्हणाल तर तो पालकांच्या संमतीने काढायचा असतो.

शाळाच मुलांकडे गेली तर?

हेही झालंय, आणि इथेच. वीटभट्टीवरच्या तात्पुरत्या झोपडीला 'भोंगा' म्हणतात. १९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेने तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात भट्ट्यांवरच 'भोंगा शाळा' सुरू केल्या. ठाण्याच्या तीन हात नाक्यावर पुलाखाली कंटेनरमध्ये भरणारी 'सिग्नल शाळा' २०१६ पासून चालू आहे. समर्थ भारत व्यासपीठ ती ठाणे महापालिकेसोबत चालवतं. २०१८ मध्ये तिथली दोन मुलं दहावी पास झाली.

इराणमध्ये मोहम्मद बहमनबेगी यांनी १९५० च्या दशकात भटक्या जमातींसाठी तंबूतल्या शाळा उभ्या केल्या. शिकवायला त्याच जमातींतली तरुण मुलं-मुली तयार केली. वस्ती हलली की तंबू आणि शिक्षक दोन्ही सोबत. सर्व्हर नव्हता, पण मुलाची खबर ठेवणारा माणूस त्याच्या शेजारीच होता.

तुम्ही काय करू शकता?

• ओळखीचं कुटुंब गावी किंवा कामाला निघत असेल तर शाळेतून मुलाचा पेन नंबर विचारून घ्या. पालकांच्या फोनमध्ये फोटो काढून ठेवा आणि कागदावरही लिहून द्या. फोन बदलतो, हरवतो.
• तुमच्या साइटजवळ किंवा रस्त्यालगत शाळेच्या वेळेत मुलं दिसली तर सगळ्यात जवळच्या पालिका किंवा जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना सांगा. ठिकाण आणि अंदाजे किती मुलं, एवढं पुरे. शाळाबाह्य मुलांना परत आणणारे 'बालरक्षक' शिक्षकही असतात, त्यांची चौकशी करा.
• मूल अडचणीत किंवा धोक्यात वाटलं तर १०९८ लावा. चाइल्डलाइनचा हा नंबर मोफत आहे.
• मुलांचे फोटो काढून स्टेटसला टाकू नका. त्याने प्रवेश मिळत नाही, फक्त चेहरा पसरतो.

दिवाळीनंतर भट्ट्या पेटायला लागतात आणि मेंढ्या खाली उतरतात. त्या आठवड्यांत शाळेला एक फोन गेला तर मुलाचं नाव ड्रॉपबॉक्समधून बाहेर यायची खरी शक्यता असते. मार्चमध्ये केलात तर वर्ष जवळपास संपलेलं असतं.