माळढोक आणि माळाचा सातबारा

पक्षी म्हटला कीं शेतकऱ्यास प्रथम गोफण आठवते, आणि तें स्वाभाविकहि आहे. ज्वारी हुरड्यास आली म्हणजे थव्याथव्यानें उतरणारीं पांखरें हांकण्यांत घरच्या मुलाबाळांचा अर्धा दिवस जातो. परंतु सगळींच पांखरें कणसावर बसणारीं नव्हेत. ज्यानें आपल्या शेताचें फारसें कांहीं नेलें नाहीं, उलट माळावरचा किडा वेंचून खाल्ला, असा एक थोर पक्षी सोलापूर-नगरकडील माळांवरून नाहींसा होत आहे. तो पक्षी म्हणजे माळढोक. त्याच्या ऱ्हासाची हकीकत शेतकऱ्यानें नीट समजून घेणें अगत्याचें आहे. कारण तींत त्याच्या जमिनीचा व हक्काचा प्रश्नहि गुंतलेला आहे.

माळढोकाचा मोठा नर सुमारें १ मीटर उंच भरतो व त्याचें वजन १५ किलोपर्यंत जातें. उडणाऱ्या पक्ष्यांत इतका जड पक्षी क्वचितच आढळेल. टोळ, नाकतोडे, भुंगेरे, सरडे, माळावरचीं बोरें हें त्याचें खाद्य. हंगामांत थोडे दाणे व भुईमुगाच्या शेंगाहि तो टिपतो. मादी एका विणीस बहुधा एकच अंडें घालते, आणि तेंहि घरट्यांत नव्हे, तर उघड्या जमिनीवर. गुराचा पाय पडला, कुत्र्यानें हुंगलें, कीं त्या सालची वीण बुडाली. अशा पक्ष्याची संख्या एकदां घटली म्हणजे ती भरून येण्यास फार काळ लागतो. भारतानें १९६३ सालीं मोरास राष्ट्रीय पक्ष्याचा मान दिला. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांचा आग्रह मात्र माळढोकासाठीं होता. त्यांची दूरदृष्टि आज पटते.

प्रस्तुत लेखकाची हयात महसुली दप्तरांत गेली. त्या दप्तरांत जमिनीची किंमत पिकावरून ठरते. जिराईत, बागाईत यांस मान. उरलेला खडकाळ, कुसळी गवताचा भाग पोटखराबा म्हणून एका आंकड्यांत बसतो, नाहीं तर पडीक म्हणून लिहिला जातो. परंतु नेमका हाच पडीक माळ माळढोकाचें घर आहे. त्यास दाट जंगल नको. चौफेर नजर जाईल असें मोकळें रान, गुडघ्याखालचें गवत आणि शेजारीं जिराईत ज्वारी, बाजरी, हरभरा, एवढें त्यास पुरतें. म्हणजे हा पक्षी कोरडवाहू शेतकऱ्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजारी होय.

सोलापूर-बार्शी रस्त्यावरील नान्नज गांवाच्या माळावर हे पक्षी असल्याकडे शिक्षक बी. एस. कुलकर्णी यांनीं लोकांचें लक्ष वेधलें. पुढें १९७९ सालीं सरकारनें माळढोक अभयारण्य जाहीर केलें. हेतु उत्तम होता. परंतु त्याचें क्षेत्र झालें सुमारें ८,४९६ चौरस किलोमीटर! करमाळा, कर्जत, श्रीगोंदा, नेवासें अशा तालुक्यांतील गांवेंच्या गांवें, खाजगी शेतें व बाजारपेठाहि त्या हद्दींत सांपडल्या. जमिनीचे व्यवहार अडले, कामांस परवानग्या लागूं लागल्या, आणि ज्यानें माळढोक जन्मांत पाहिला नव्हता त्या शेतकऱ्याच्या मनांत त्या मुक्या पक्ष्याविषयीं रोष उत्पन्न झाला. पुढें २०१२ च्या सुमारास सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीनें हें क्षेत्र सुमारें १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यांत आलें. परंतु मधल्या तीन दशकांत गेलेला विश्वास नकाशा बदलल्यानें परत येत नाहीं. पक्ष्याचें रक्षण जर ज्याच्या शेतांत तो चरतो त्याच्याच डोक्यावर लादलें, तर शेतकरी व पक्षी दोघेहि बुडतात, हा यांतला धडा आहे.

याच काळांत माळहि पालटला. उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें. पाणी आलें आणि जिराइताच्या जागीं ऊंस आला. उंसानें कुटुंबें सांवरलीं, हें कोण नाकारील? परंतु उंच दाट उंसांत माळढोक राहूं शकत नाहीं. उरलेल्या माळावर कोठें झाडें लावलीं गेलीं, कोठें वस्ती झाली. त्यांत विजेच्या तारांची भर पडली. या पक्ष्यास समोरचें नीट दिसत नाहीं आणि देह जड असल्यानें आयत्या वेळीं वळतांहि येत नाहीं. तारेवर आदळून तो मरतो. राजस्थानांत तर हें संकट मोठेंच आहे. सर्वोच्च न्यायालयानें २०२१ सालीं तारा जमिनीखालून नेण्याविषयीं आदेश दिला व २०२४ सालीं त्यांत फेरफार करून तज्ज्ञांची समिति नेमली. आज साऱ्या देशांत हे पक्षी दीडशेंच्या आंतबाहेरच उरले असावेत, आणि त्यांतील बहुतेक जैसलमेरकडे. तेथें २०१९ पासून अंडीं उबवून पिलें वाढविण्याचें केंद्र चालूं आहे, आणि २०२४ सालीं कृत्रिम रेतनानें पहिलें पिलूं जन्मलें. आपल्या नान्नजला मात्र अलीकडच्या गणनांत एखाददुसराच पक्षी दिसतो.

मग आतां करावयाचें काय? पहिली गोष्ट, माळ हा माळच राहूं द्यावा. गांवच्या गायरानावर सरसकट झाडें लावणें म्हणजे सुधारणा नव्हे. गवत हेंहि एक पीक आहे व दुभत्या जनावरांस त्याची गरज आहे. दुसरी, बांधालगतच्या गवतावर कीटकनाशक मारूं नये. तिसरी, जमिनीवर अंडें दिसल्यास त्यास हात लावूं नये, कुत्रीं दूर ठेवावींत, तेवढा तुकडा औताखालून वगळावा व वनखात्यास कळवावें. त्यापायीं पिकाचें जें नुकसान होईल त्याची भरपाई मागण्यास शेतकऱ्यानें संकोचूं नये, आणि ती देण्यास सरकारनें विलंब लावूं नये.

अलीकडे हिंवाळ्यांत शहरांतून पुष्कळ मंडळी दुर्बिणी घेऊन नान्नजला येतात. माळढोक दिसला नाहीं तरी त्यांस काळवीट, चंडोल, धाविक, पखुर्डी आणि दूर देशांहून थंडीस येणारे भोवत्या ससाणे पहावयास मिळतात. या सहलींचें आम्ही स्वागतच करतों. मात्र पाहुण्यांनीं पाहुण्याची रीत पाळावी. वनखात्याची परवानगी घ्यावी, गाडी वाटेवरच ठेवावी, उभ्या पिकांत शिरूं नये, छायाचित्राच्या हौसेनें विणीच्या पक्ष्यामागें धांवूं नये. वाटाड्या गांवचाच घ्यावा आणि भाकरीहि गांवांतच खावी. चार पैसे गांवांत राहिले तर पक्षी गांवाचा होईल. नुसती धूळ मागें राहिली तर तो शहरी लोकांचा छंद ठरेल.

शेतकरी बंधूंनींहि एखाद्या पहांटे आपल्या मुलांस माळावर न्यावें आणि कोणता पक्षी कणीस खातो व कोणता अळी खातो, हें त्यांस दाखवावें. त्यास ना तिकीट लागतें ना दुर्बीण. सातबाऱ्यावर माळाच्या नांवानें पीक लागत नसेल, पण तेथें नांदणारा जीव एकदां गेला म्हणजे कोणत्याहि फेरफारानें त्याची नोंद पुन्हां घालतां येणार नाहीं.