घाटातले इंजिन कोण ठरवते?

कुंभकोणम कावेरीच्या सपाट खोऱ्यातले. १८७७ मध्ये साउथ इंडियन रेल्वेचा मीटरगेज मार्ग तिथे पोचला, तेव्हा इंजिनापुढे डोंगर नव्हता. याच कंपनीकडे १९०८ मध्ये निलगिरीचा मार्ग आला. गेज तोच, पण चढ १२ फुटांना १ फूट. आज कुंभकोणमचे मीटरगेज रूळ गेले आहेत. मेट्टुपाळयमहून कुन्नूरला मात्र वाफेचे इंजिन अजून गाडी ढकलत नेते. बिकट चढावरच्या इंजिनाचे आयुष्य त्याच्या गुणदोषांपेक्षा त्याचा मार्ग पुढे कुठे जातो यावर अधिक ठरते, असे मला वाटते.

याची सर्वांत स्पष्ट साक्ष जपानमधली आहे. योकोकावा ते कारुइझावा हा उसुई घाटाचा ११.२ किलोमीटरचा मार्ग १८९३ मध्ये खुला झाला. १५ फुटांना १ फूट चढ आणि २६ बोगदे. रुळांच्या मध्ये स्विस अभियंता रोमान आब्ट याच्या पद्धतीचे दातेरी रूळ बसवले. दात्यांच्या तीन पट्ट्या एकमेकींशी थोड्या पुढेमागे असल्याने इंजिनाच्या दंतचक्राची पकड कधी सुटत नाही. पहिली इंजिने जर्मनीतल्या एसलिंगेनची, नंतरची इंग्लंडच्या बायर पीकॉकची. पुढे ओसाकाच्या किशा सेइझो कारखान्याने अशी इंजिने देशातच बांधली. एवढी मेहनत घेऊनही १९१२ मध्ये, म्हणजे १९ वर्षांतच, घाटात वीज आली आणि १९२१ पर्यंत वाफ संपली. कारण हा टोकिओला जपानी समुद्राच्या किनाऱ्याशी जोडणारा मार्ग होता. बोगद्यांत धूर कोंडे, चालकांचा जीव घुसमटे, आणि गाड्या मुंगीच्या पावलांनी चढत. एका घाटापायी सगळी वाहतूक तुंबत होती.

निलगिरीचा चढ उसुईहूनही कठीण. तिथली ‘एक्स’ वर्गाची इंजिने स्वित्झर्लंडच्या विंटरथुर कारखान्याची, आणि त्यांची रचना खरोखर देखणी आहे. चार सिलिंडरांपैकी दोन साध्या चाकांना फिरवतात आणि दोन दंतचक्रांना. दातेरी रुळावर पहिल्या जोडीतून निघालेली वाफ दुसऱ्या जोडीत पुन्हा कामाला लागते. सपाटीवर पहिलीच जोडी चालते. गाडी घसरू नये म्हणून इंजिन नेहमी उताराच्या बाजूला. पण नुसत्या या कौशल्याने ती टिकली असे म्हणता येत नाही. १९२८ मध्ये याच विंटरथुरने आपल्या भोर घाटासाठी विजेची इंजिने बांधली होती, आणि त्यानंतर २४ वर्षांनी, १९५२ मध्ये, निलगिरीसाठी पुन्हा वाफेचीच दिली. भोर घाट मुंबई–पुण्याची मुख्य वाट होती. निलगिरीचा मार्ग उटीला संपतो, आणि मेट्टुपाळयमला खालून येणारे रूळ ब्रॉडगेजचे असल्याने दोन्ही टोकांना तो एकटाच आहे.

यावर कोणी माथेरान पुढे करील. नेरळ–माथेरानही डोंगरावर संपणारा मार्ग. १९०७ पासून ओरेनस्टाइन अँड कोपेलची चार इंजिने तिथे धावली, तरी १९८० च्या दशकात डिझेलने त्यांची जागा घेतली. आक्षेप रास्त आहे, आणि त्यामुळे माझ्या म्हणण्याला एक पुरवणी जोडावी लागते. माथेरानचा चढ २० फुटांना १ फूट, पण तिथे दाते नाहीत; साध्या चाकांचे डिझेल इंजिन जोडले की काम भागते. निलगिरीतही कुन्नूरच्या वर, जिथे दातेरी रूळ संपतो, डिझेलच गाडी ओढते. कल्लार–कुन्नूरच्या दात्यांसाठी वेगळे यंत्र घडवणे भाग होते, आणि त्या छोट्या तुकड्यापुरता तो खटाटोप कोणाला परवडला नाही. दुसरा आक्षेप वारशाच्या प्रेमाचा. युनेस्कोची मान्यता २००५ ची. तोवर इंजिने नव्वद वर्षे राबली होती. वारशाने त्यांना पुढचे आयुष्य दिले, मागचे नव्हे.

कुंभकोणमचा धागा इथे मराठी माणसापर्यंत येतो. १८२८ मध्ये तिथे तंजावरी मराठी घराण्यात जन्मलेले सर टी. माधवराव १८७३ ते १८७५ इंदूरचे दिवाण होते. त्यांच्यामागून त्याच गावचे रघुनाथराव त्या पदावर आले. तुकोजीराव होळकरांनी दिलेल्या एक कोटी रुपयांच्या कर्जातून होळकर स्टेट रेल्वे बांधली जात होती, ती याच काळात. खंडव्याहून निघालेला हा मीटरगेज मार्ग पाताळपाणीपाशी ४० फुटांना १ फूट चढाने विंध्य ओलांडतो. दातेरी रूळ नाही, तर चार बोगदे आणि खोल दऱ्यांवरचे उंच पूल. ब्रॉडगेजसाठी दुसरी वाट आखली गेली, म्हणूनच हा घाट वाचला. २०१८ पासून पाताळपाणी–कालाकुंड पर्यटक गाडी त्यावर धावते. कुंभकोणमच्या मुख्य मार्गाला अशी दुसरी वाट नव्हती, म्हणून तिथले मीटरगेज त्याच जागी ब्रॉडगेज झाले.

विंटरथुरहून आता वाफेची नवी इंजिने येत नाहीत. तरीही, वापरात राहिलेले यंत्र दुरुस्त करता करता माणसे ते बांधायलाही शिकतात. साउथ इंडियन रेल्वेनेच उभारलेल्या तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने २०२१ मध्ये निलगिरीसाठी ‘एक्स’ वर्गाचे कोळशावर चालणारे नवे इंजिन बांधून दिले.