ड्रेसाज: आधी स्वाराची बैठक

ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याला इशाऱ्यांवर नेमक्या हालचाली शिकवणाऱ्या घोडेस्वारीत, घोड्याआधी स्वार घडवावा लागतो. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये नवशिके म्हणूनच दीर्घकाळ लगाम आणि रिकिबीशिवाय, लांब दोरीवर गोल फिरणाऱ्या घोड्यावर बसतात. बैठक डळमळली की हात लगामाचा आधार घेतात आणि हिसका घोड्याच्या तोंडाला बसतो. घोडा शिकतो दाब सुटण्यातून: पोटरीच्या इशाऱ्यावर पाऊल टाकताच दाब थांबला, तरच आपण बरोबर केलं हे त्याला कळतं.

ड्रेसाज म्हणजे जबरदस्तीच, असा आक्षेप घेतला जातो. घोड्याची मान आवळून धरणाऱ्या स्वारांबाबत तो खराच आहे. पण ड्रेसाजमधलं जागच्या जागी दुडकणं मोकळा घोडाही उत्तेजित झाल्यावर करतो. तेच शांतपणे करायला पाठ आणि मागचे पाय बळकट लागतात, आणि त्यात वर्षं जातात. म्हणून प्रशिक्षक निवडताना तो दाब केव्हा सोडायला शिकवतो, हे आधी पाहावं.