तळणे की भाजणे?

दिवाळी जवळ आली की आमच्या रत्नागिरीत संध्याकाळच्या खाऱ्या वाऱ्याला तळणीचा वास लागतो. घरोघरच्या खिडक्यांतून तो बाहेर येतो, आणि कोणाच्या घरी चकली चालली आहे, कोणाच्या घरी शेव, हे रस्त्याने जाणाऱ्याला न विचारता समजते. आमच्या घरात मात्र गेल्या दिवाळीपासून ह्या वासाला एक दुखरी आठवण चिकटली आहे.

त्याचे असे झाले. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आई चकल्या तळीत होती. वय वर्षे चौऱ्याहत्तर. परंतु झारा दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही, हा तिचा बाणा. वळताना पदर कढईच्या कानात अडकला, कढई हिसकली आणि उकळते तेल तिच्या डाव्या पावलावर सांडले. शेजारणींपैकी एकीने शाई लावायला सांगितली, दुसरीने दात घासायची पेस्ट पुढे केली. आमच्या हिने कोणाचेही न ऐकता तो पाय वीस मिनिटे नळाच्या धारेखाली धरला. डॉक्टर नंतर म्हणाले, “हेच बरोबर केलंत.” तरीही तीन आठवडे पट्ट्या बांधाव्या लागल्या.

यंदा गणपती विसर्जन होते न होते तोच ही म्हणाली, “अहो, दिवाळीच्या आधी एअर फ्रायर घ्यायचा. तेलाची कढई आता नको.” आई माजघरात तांदूळ निवडीत होती. तिने सारे ऐकले, पण बोलली नाही. रात्री मी तिच्या पायाला तेल चोळायला बसलो तेव्हा तिने हळूच विचारले, “म्हणजे मी आता स्वयंपाकघरात यायचं नाही, असंच ना रे?”

ह्या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते. यंत्राची किंमत चार हजारांपासून बारा-पंधरा हजारांपर्यंत आहे, एवढीच माहिती तोवर मी गोळा केली होती.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर बाजारात गेलो. दुकानात काळ्या चकचकीत अंड्यांसारखी पाच-सहा यंत्रे ओळीने मांडली होती. दुकानदार उत्साहाने म्हणाला, “सर, हा तेलाशिवाय तळतो.” वीस वर्षे मुलांना मराठी शिकवणाऱ्या माणसाचे पाऊल अशा वाक्यापाशी अडखळते. तेलाशिवाय तळणे म्हणजे पाण्यावाचून पोहणेच की! आपल्या भाषेत तळणे, परतणे, भाजणे, शेकणे, उकडणे ही वेगवेगळी क्रियापदे उगाच नाहीत. प्रत्येकामागे अग्नीची एकेक निराळी तऱ्हा आहे. मग हे यंत्र कोणत्या क्रियापदाचे?

आत काय आहे ते मी उघडून पाहिले. माथ्यावर विजेने तापणारी तार, तिच्यावर पंखा, खाली जाळीची टोपली. पंखा तापलेली हवा टोपलीभोवती वेगाने फिरवतो. त्या झोतात पदार्थाच्या अंगावरचा ओलावा उडून जातो, वरचा पापुद्रा वाळतो, तांबूस होतो आणि कुरकुरीत लागतो. उष्णता साधारण दोनशे अंशांपर्यंत नेता येते. कल्पना तशी जुनी आहे. १९४५ च्या सुमारास अमेरिकेत विल्यम मॅक्सन ह्यांनी विमानातील जेवण गरम करण्यासाठी पंख्याची भट्टी केली होती. पुढे हॉलंडमधील फ्रेड व्हॅन डर वाइ ह्यांनी बटाट्याच्या कापांसाठी लहान यंत्राचा ध्यास घेतला, आणि २०१० साली फिलिप्स कंपनीने बर्लिनच्या प्रदर्शनात ‘एअरफ्रायर’ ह्या नावाने ते लोकांपुढे आणले. नाव तळण्याचे पडले खरे. पण वाचकहो, जात भट्टीचीच. हे यंत्र भाजते.

एवढे उमजल्यावर मी यंत्र न घेताच घरी परतलो. वही घेतली आणि आईसमोर बसलो. म्हटले, “आई, वर्षभरात आपल्या घरी काय काय तळलं जातं ते सांग. यातलं भाजून चालेल काय, आणि तळल्यावाचून चालणार नाही काय, हे तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही.”

तिने आधी यंत्र कसे चालते ते नीट विचारून घेतले. मग चष्मा पुसला आणि म्हणाली, “आत वारा फिरतो म्हणतोस? मग मिरगुंड उडून वर तारेला चिकटेल.” पुढे हिच्या मैत्रिणीकडे विचारले तर नेमके तसेच घडले होते! हलके पदार्थ त्या झोतात खरोखरच उडतात.

मग तिने एकेक पदार्थ निवडायला घेतला, तांदळातले खडे वेचावेत तसा. कांदाभजी? नाही. भज्याचे सैल पीठ तेलात पडताच आवळते. वाऱ्यात ते आवळण्याआधीच जाळीतून गळेल. बटाटेवडाही त्याच कारणाने गेला. अनारसा? त्याची जाळी तुपातच पडते. शेव तर विचारायलाच नको. फणसाचे तळलेले गरे? आई हसली. कच्च्या काप्या फणसाचे गरे उभे चिरून खोबरेल तेलात सोडायचे आणि तळत आले की मिठाच्या पाण्याचा हबका मारायचा. कढईत जो चरचराट होतो, त्यातूनच मीठ गऱ्याला लागते. “तुझ्या वाऱ्याला हबका कसा मारणार?”

दुसऱ्या रकान्यात मात्र माझ्या अपेक्षेहून अधिक नावे आली. कोथिंबीर वडी आणि अळूवडी आधीच उकडलेल्या असतात. वर तेलाचे बोट फिरवले की त्यांना नुसता खरपूसपणा हवा. शेंगदाणे तर भाजायचेच. मिरकरवाड्याहून आलेल्या सुरमईची रवा लावलेली तुकडी चमचाभर तेलात होईल. शंकरपाळे आणि करंजी मोहनावर उभी असतात. तळल्याची चव येणार नाही, पण वाईट लागणार नाही. चकलीपाशी आई बराच वेळ थांबली. शेवटी म्हणाली, “चकली कढईतच. पण अर्धीच करू.”

रकाने झाले आणि यंत्राची निवड जवळजवळ आपोआप झाली. आम्ही घरात चार माणसे. वड्या आणि माशाच्या तुकड्या एकावर एक रचल्या तर हवा फिरत नाही आणि त्या मऊच राहतात. म्हणून आकड्यापेक्षा टोपलीचा तळ रुंद आहे की नाही ते पाहिले. चार लिटरच्या आसपासचे यंत्र पुरेसे वाटले. काचेवर बोट टेकवून चालवायची यंत्रे अधिक देखणी होती. परंतु आईला ती बारीक चित्रे दिसत नाहीत, आणि ओल्या बोटाला काच दाद देत नाही. आम्ही दोन गोल खुंट्यांचे घेतले, एक उष्णतेची आणि एक वेळेची. जुना रेडिओ लावावा तशी ती फिरवते.

विजेचा हिशेबही केला. यंत्र १५०० वॅटचे. आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर ते साडेसहा अँपिअर ओढते, आणि भिंतीवरचे लहान बटण सहा अँपिअरचे असते. जुन्या घरांत येथेच घोटाळा होतो. वायरमनला बोलावून ओट्याजवळ मोठा, अर्थिंगचा पॉइंट काढून घेतला. वीस मिनिटे चालवले तर जास्तीत जास्त अर्धे युनिट जळते. भीती बाळगण्याजोगे त्यात काही नाही. टोपलीला न चिकटणारा लेप असतो, म्हणून आमच्याकडचा काथ्या तिच्यापासून दूर ठेवला आहे.

आरोग्याच्या जाहिरातींना मात्र भुलू नये. तेल कमी जाते हे खरे. परंतु पिठूळ पदार्थ फार भाजल्यास त्यात ॲक्रिलामाइड नावाचे अनिष्ट द्रव्य तयार होते, हे स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २००२ साली जगापुढे मांडले. ते कढईत होते तसे भट्टीतही होते. बटाट्याचे काप आधी पाण्यात भिजवावेत, आणि सोनेरी झाले की काढावेत. तपकिरी होऊ देऊ नयेत. दुसरे असे की वीज गेली की हे यंत्र म्हणजे नुसता डबा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्या जिल्ह्यात दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती, हे आम्ही विसरलेलो नाही. कढई माळ्यावर टाकायची नाही, हे त्यावरूनही ठरले.

नवरात्रात यंत्र घरी आले. पहिल्या अळूवड्या आईनेच लावल्या. खुर्चीवर बसून ती वेळ मोजीत होती. घंटा वाजली, हिने टोपली ओढली. आईने एक वडी मोडून पाहिली आणि म्हणाली, “अजून तीन मिनिटं. कडा झाल्यात, पोट व्हायचंय.” तिचे म्हणणे बरोबर निघाले.

ह्या दिवाळीचा करार असा: कढई लहान, तेल निम्मे, शेगडी मागची, पदर खोचलेला. चकल्या ही तळणार, आणि आई दोन हात लांब खुर्चीवर बसून रंग सांगणार. पहिला घाणा मात्र तिचा. त्यावर तिने तडजोड केली नाही, आणि मीही आग्रह धरला नाही.

परवा शेजारच्या काकू यंत्र पाहायला आल्या. “यात म्हणे तेलाशिवाय तळता येतं?” त्यांनी विचारले.

“छे हो,” आई म्हणाली, “यात भाजायचं. तळायचं असेल तेव्हा मला हाक मारा.”