फुगवलेले अंदाजपत्रक आणि श्रावकाचा व्यवहार

आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ म्हणजे खोटा लेख तयार करणे, आणि अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपकव्यवहार’ म्हणजे अस्सल म्हणून नक्कल खपविणे, हे दोन दोष येतात. आजच्या संसारात ते कोठे भेटतात, हे पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. अपघातात चेपलेली मोटार गॅरेजमध्ये नेली की हाती पडणारे डेंटिंग-पेंटिंगचे अंदाजपत्रक अनेकदा या दोन्ही दोषांचे उदाहरण ठरते.

आकडा फुगतो कसा?

ठोकून सरळ होणारा पत्रा ‘बदलणे आवश्यक’ म्हणून लिहिला जातो. रंगकामाच्या दरात पुट्टी व प्रायमर धरलेले असतानाही त्यांची मजुरी वेगळी लावली जाते. बंपर एकदाच उतरवायचा असतो. पण त्याची उतरवण-बसवण हेडलाइटच्या कामातही पुन्हा मोजली जाते. सुटा भाग बाजारी बसवून किंमत मात्र कंपनीच्या अस्सल भागाची घेतली जाते.

तथापि येथे अनेकान्तदृष्टीही सोडू नये. प्रत्येक मोठा आकडा लबाडीचाच असतो असे नाही. बंपर उतरविल्यावर आतील वाकलेली पट्टी दिसू शकते. मेटॅलिक रंगाची छटा जुळावी म्हणून शेजारच्या दारावरही रंगाचा हात फिरवावा लागतो. म्हणून आरोप करण्यापूर्वी कारण विचारावे, आणि ते लेखी मागावे.

‘विमा भरतोच ना!’

फुगवटा खपतो तो या एका वाक्यामुळे. परंतु साध्या सर्वसमावेशक विम्यात झीज वजा होते. प्लॅस्टिक व रबरी भागांवर 50 टक्के, तर तीन ते चार वर्षे वयाच्या गाडीच्या धातूच्या भागांवर 25 टक्के कपात असते. रंगकामाचे एकत्रित बिल असेल तर त्याचा 25 टक्के हिस्सा साहित्याचा मानून त्यातील निम्मी रक्कम ग्राहकावर पडते.

समजा, साडेतीन वर्षांच्या लहान मोटारीचा बंपर 12,000, पत्र्याचा फेंडर 6,000 आणि रंगकाम 16,000 रुपये, असे 34,000 रुपयांचे अंदाजपत्रक आहे. बंपरचे 6,000, फेंडरचे 1,500, रंगाचे 2,000 आणि 1500 सीसीपर्यंतच्या गाडीची अनिवार्य वजावट 1,000, असे कर सोडून 10,500 रुपये आपल्याच खिशातून जातात. ‘झिरो डेप्रिसिएशन’ पॉलिसी असल्यास झीज वाचते. पण दावा केला की नो क्लेम बोनस गमावतो, आणि तो 20 ते 50 टक्क्यांपर्यंत असतो. लहान दुरुस्तीत दावा न करणेच कधी कधी हिताचे ठरते.

वाद घालावा, पण रीतीने

काम सुरू होण्यापूर्वी गाडीची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. अंदाजपत्रकात सुटे भाग, मजुरी, रंग व कर वेगवेगळे मागावेत; प्रत्येक भागाचा क्रमांक घ्यावा म्हणजे किंमत पडताळता येते. दुसऱ्या गॅरेजचे अंदाजपत्रक आणावे आणि दोन्ही ओळीने ताडून पाहावीत. विम्याचे काम असल्यास सर्व्हेअरने गाडी पाहिल्याखेरीज ती खोलू देऊ नये. वाढीव कामाला लेखी संमतीशिवाय हात लावू नये, असे जॉबकार्डवरच नोंदवावे. बदललेले जुने भाग पाहण्यास मागावेत.

काम झाल्यावर वाद उद्भवला तर गाडी बळाने सोडवू नये. भारतीय करार अधिनियम, 1872च्या कलम 170 नुसार कारागिराला त्या कामाच्या योग्य मोबदल्यापोटी वस्तू ठेवून घेता येते. अशा वेळी ‘हरकत राखून’ असे लिहून रक्कम भरावी, बिल घ्यावे आणि मग तक्रार करावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते; पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. तक्रार विमा कंपनीविरुद्ध असेल तर आधी कंपनीला लेखी कळवावे. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा उत्तराने समाधान न झाल्यास विमा लोकपालांकडे जाता येते.

आपली बाजूही स्वच्छ हवी

एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ‘मागच्या दारावरचा जुना ओरखडाही याच दाव्यात बसवून द्या,’ असे गॅरेजवाल्याला सुचविणारे हात पुष्कळदा आपलेच असतात. तो लेखही कूटलेखच होय. विमा कंपनीची तिजोरी ही कोणा परक्याची नसून हप्ते भरणाऱ्या सर्वांची आहे. खोट्या दाव्यांचा भार शेवटी सर्वांच्या हप्त्यांवरच येतो.

आपल्या समाजातील अनेक कुटुंबे स्वतः व्यापारात आहेत. सुट्या भागांची दुकाने व गॅरेजही चालवितात. गल्ल्यामागे बसणाऱ्याने खरा आकडा लिहावा, गल्ल्यासमोर उभ्या राहणाऱ्याने खराच आकडा मागावा. क्रोध न करता, पण दबूनही न जाता, ओळ अन् ओळ तपासणारा श्रावक आपले पैसे वाचवितोच. शिवाय समोरच्यालाही एका अतिचारापासून वाचवितो.