फेव्हरिट घोडा आणि आपला खिसा

आजचा विषय आहे घोड्यांच्या शर्यतीवरची पैज. मी राहतो बंगळुरूत. इथला रेसकोर्स शहराच्या अगदी मध्यावर आहे. उन्हाळी आणि हिवाळी असे दोन हंगाम होतात, आणि डर्बीच्या दिवसांत शर्यतीचा विषय चहाच्या टपरीवरही निघतो. मुंबईकरांना महालक्ष्मी आणि पुणेकरांना एम्प्रेस गार्डनशेजारचा रेसकोर्स ठाऊक आहेच. निवृत्त मंडळी मला एक प्रश्न नेहमी विचारतात, "साहेब, फेव्हरिटवर पैसे लावले तर धोका कमी ना?"

आधी फेव्हरिट म्हणजे काय ते पाहू. ज्या घोड्यावर लोकांचे सर्वांत जास्त पैसे लागतात आणि म्हणून ज्याचा भाव सर्वांत कमी असतो, तो फेव्हरिट. बहुतेक वेळा तो खरोखरच चांगला घोडा असतो. सर्वसाधारणपणे तीन शर्यतींत एखादी तो जिंकतो. याचा अर्थ असा, की उरलेल्या दोन वेळा तो हरतो.

आता कागद-पेन घ्या. समजा पाच घोडे आहेत. फेव्हरिटचा भाव एकास एक, म्हणजे रुपया लावला तर रुपया नफा. दुसऱ्याचा एकास दोन, तिसऱ्याचा एकास चार, शेवटच्या दोघांचा एकास नऊ. कोणताही घोडा जिंकला तरी आपल्या हातात 100 रुपये यावेत, असं ठरवलं तर किती लावावे लागतील? फेव्हरिटवर 50, दुसऱ्यावर 33, तिसऱ्यावर 20, उरलेल्या दोघांवर दहा-दहा. बेरीज 123. म्हणजे 100 रुपये मिळवायला 123 मोजायचे. वरचे 23 हा बुक्याचा वाटा. घोडा कुठलाही जिंको, भाव लिहितानाच तो वाटा बाजूला पडलेला असतो.

टोटची रीत वेगळी. तिथे सगळ्यांचे पैसे एकत्र होतात, त्यातून कपात होते आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटली जाते. फेव्हरिटवर गर्दी जास्त, म्हणून वाटणी लहान.

यावर कर आला. 2023च्या ऑक्टोबरपासून पैजेच्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी होता, 22 सप्टेंबर 2025पासून तो 40 टक्के झाला. 100 रुपयांच्या पैजेवर 40 रुपये कर वेगळा द्यावा लागला, तर खिशातून गेले 140. एकास एक भावाचा फेव्हरिट जिंकला की हातात 200. नफा 60. हरला तर तोटा 140. या भावात नुसती बरोबरी साधायची तर दहांतल्या सात पैजा जिंकायला हव्यात. शिवाय जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के आयकर, आणि हरलेल्या पैजा त्यातून वजा करता येत नाहीत.

कुणी म्हणेल, सर्वोच्च न्यायालयानेच तर हा कौशल्याचा खेळ मानला आहे. खरं आहे. 1996च्या लक्ष्मणन खटल्यात तसा निकाल झाला. घोड्याचं रक्त, जॉकी, अंतर, वजन, ट्रॅकची ओल या सगळ्याचा अभ्यास करता येतो. पण तो अभ्यास आपल्या एकट्यापाशी नसतो. हजारो लोकांनी तो केलेला असतो, आणि त्यातूनच भाव ठरतो. घोडा चांगला आहे हे आपल्याला कळलं, तसं ते बाजारालाही कळलेलं असतं. चांगला घोडा आणि चांगली पैज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्यात बऱ्याच शर्यती हँडिकॅपच्या असतात. जो घोडा बलवान त्याच्या पाठीवर जास्त वजन. आम्हा फौजींना हे चटकन कळतं. सर्वांत दमदार जवानाच्या पिट्ठूत आणखी चार विटा घाला, मग बघा तो किती पुढे राहतो.

इथल्या शर्यती सपाट मैदानावर होतात. अडथळ्यांवरून उड्या मारायच्या स्टीपलचेसमध्ये तर अनिश्चितता आणखी वाढते. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलजवळच्या एन्ट्रीची ग्रँड नॅशनल ही त्यातली सर्वांत गाजलेली. जवळपास सात किलोमीटर अंतर आणि 30 उड्या. 1967 साली 23व्या अडथळ्यापाशी स्वार नसलेला एक मोकळा घोडा आडवा आला आणि मागून येणारे घोडे एकमेकांवर आदळले. बराच मागे असलेला फॉइनेव्हन त्या गोंधळातून वाट काढून निघाला आणि जिंकला. बुक्यांकडे त्याचा भाव होता एकास शंभर, टोटने तर एकास 444 दिले. फेव्हरिट हनी एंड दुसरा आला. त्याच्या तयारीत खोट नव्हती, रस्ताच बंद झाला होता. उलट उदाहरणही आहे. 2023 साली कोरॅक रॅम्बलर फेव्हरिट होता आणि जिंकलाही. पुढच्याच वर्षी त्याच घोड्याचा स्वार पहिल्याच उडीला खाली पडला.

मग वाटेल, कमी भावाचा फेव्हरिट सोडून मोठ्या भावाच्या घोड्यावर लावावं. तेही नको. अनेक देशांतल्या शर्यतींच्या अभ्यासात दिसलं आहे, की लांबच्या भावाच्या घोड्यांवर पैसे आणखी वेगाने बुडतात. फेव्हरिटवर ते हळू बुडतात, एवढाच फरक. या हळूपणालाच लोक सुरक्षितता समजतात.

खरा धोका पुढे आहे. पैज हरली की दुप्पट लावायची, म्हणजे एका विजयात सगळं भरून निघेल, असा सल्ला हमखास मिळतो. 1000पासून सुरुवात करा. सलग पाच हरलात की सहावी पैज 32,000ची. तोवर 31,000 गेलेले, तेही कर न धरता. फेव्हरिट सलग पाच वेळा हरणं यात नवल काहीच नाही. निवृत्तीच्या वेळी ग्रॅच्युइटी आणि कम्युटेशनची रक्कम एकदम हातात येते. ती आयुष्यात एकदाच येते, आणि तिच्यावर घरातल्या सगळ्यांचा हक्क असतो.

शर्यत बघायला जरूर जा. धावणाऱ्या घोड्यासारखं देखणं दृश्य क्वचितच असेल. पैज लावायचीच असेल तर नाटकाच्या तिकिटाला जेवढे देता तेवढेच पैसे न्या, आणि घरी सांगून न्या. ते परत आले तर आनंद. नाही आले तर खेळ बघितल्याचं तिकीट समजा.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.