स्वरांवरची कमान

भातखंडे पद्धतीची स्वरलिपी ज्यांनी वाचली आहे, त्यांना कमान परिचयाची असेल. स्वरांखाली असली की ते सारे स्वर एका मात्रेत घ्यायचे; स्वरांवर असली की मींड. रेघ तीच, जागा बदलली की अर्थ बदलतो.

पाश्चात्त्य स्टाफ नोटेशनमध्येही अशा कमानी असतात. लागोपाठच्या दोन सारख्याच स्वरांना जोडते ती ‘टाय’. तिथे दुसरा स्वर पुन्हा वाजवायचा नाही, पहिलाच लांबवायचा. वेगवेगळ्या स्वरांवर पसरते ती ‘स्लर’. व्हायोलिनवादकाला ती सांगते, कमान संपेपर्यंत गज फिरवू नका. म्हणजे टोक नेमक्या कोणत्या स्वरावर टेकले आहे, हे महत्त्वाचे. ते दोन स्वरांच्या मध्ये लोंबकळत राहिले, तर वाद्यवृंदातले निम्मे गज एकीकडे आणि निम्मे दुसरीकडे जायचे!

पूर्वी कारागीर ही कमान धातूच्या पत्र्यावर हाताने कोरत. आता ती संगणक काढतो. गंमत म्हणजे त्यामागचे गणित मोटारींच्या कारखान्यातून आले आहे. फ्रान्समध्ये सित्रोएं कंपनीचे पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये आणि पुढे रेनॉ कंपनीचे पिएर बेझिए यांनी गाड्यांचे वळणदार आकार आखण्यासाठी ते विकसित केले. या वक्ररेषेला दोन टोके असतात आणि तिला आपल्याकडे ओढून धरणारे आणखी दोन बिंदू.

‘म्यूझस्कोर’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कमानीवर क्लिक केले की हे बिंदू छोट्या चौकोनांच्या रूपात दिसतात. खांद्याजवळचे चौकोन वर ओढले की वरची कमान फुगते, खाली ओढले की चपटी होते. ‘एक्स’ कळ दाबली की वरची कमान खाली येते. आकार बिघडलाच, तर ‘कंट्रोल’ आणि ‘आर’ दाबून तो पूर्ववत करता येतो.

मेख आहे ती टोकाच्या चौकोनात. तो माउसने ओढला, तर कमान दिसायला सरकते. सॉफ्टवेअरच्या लेखी मात्र ती जुन्याच स्वराला बांधलेली राहू शकते. स्वर बदलायचा असेल, तर टोक निवडून ‘शिफ्ट’सह डावी वा उजवी बाणाची कळ दाबावी.

म्हणून आधी दोन्ही टोके योग्य स्वरांना बांधावीत, मग कमान वर हवी की खाली ते ठरवावे आणि फुगवटा सर्वांत शेवटी हाताळावा. कमान एखाद्या स्वराला वा खुणेला छेदत नसेल, तर संगणकाने काढलेला आकार तसाच ठेवायला काहीच हरकत नाही.